बसून, पाणी पिऊन

सलोनीचा एक पाय बुटात गेला होता, दुसरा जायचा होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कुठे निघालीस गं?"

दोघीही जागच्या जागी थांबलो. माझ्या हातात लसणीची पाकळी होती, ती तशीच राहिली. बावन्न वर्षांत दाराशी उभ्या असलेल्या माणसाला मी हा प्रश्न विचारला नव्हता. मिरजेला माझ्या आईच्या घरी हा शब्द उंबऱ्याजवळ उच्चारायचीसुद्धा बंदी होती. फारच राहवलं नाही तर आई विचारायची, "लांब का?" एवढंच. लांब असेल तर समोरचा "हो" म्हणायचा, जवळ असेल तर "नाही, हे आलोच" म्हणायचा, आणि प्रकरण मिटायचं. कुठे विचारलं की नाट लागते. कामं होत नाहीत, गाड्या चुकतात, माणसं परत येत नाहीत. हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मोठ्यांच्या अंगावरून पाय टाकून जायचं नाही, हे जसं कुणी समजावत नाही, तसंच.

"काकू!" सलोनी म्हणाली. "तुम्ही? तुम्ही विचारलंत?" ती नाशिकची. नर्सिंग शिकायला आली ती इथलीच झाली, हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला असते आणि तीन वर्षं माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहते. हिरवा कुर्ता, कानात लोंबतं काहीतरी, ओठांना रंग. शनिवारची संध्याकाळ, साडेपाच वाजत आलेले, बाहेर आमच्या हॉर्नबी उपनगराचा तो बारीक पाऊस, जो पडतोय की नुसता हवेत उभा आहे ते कळत नाही. "झालं आता. माझी आजी असती तर तिने तुम्हाला घराबाहेर काढलं असतं. तुमचंच घर असूनसुद्धा." असं म्हणून तिने बुटातला पाय बाहेर काढला, आत आली आणि टेबलाशी खुर्ची ओढून बसली. "पाच मिनिटं बसते. पाणी द्या. मी नर्स आहे, मला हे सगळं फालतू वाटतं, पण रस्ते हीप्स ओले, जाम ओले आहेत आणि मी रिस्क घेणार नाहीये."

हाच उतारा. कुणी विचारलंच, तर परत आत यायचं, चपला काढायच्या, बसायचं, पाणी प्यायचं, आणि मग नव्याने निघायचं. पहिलं निघणं पुसून टाकायचं. मी नळाखाली ग्लास धरला. पाणी ग्लासभर होऊन माझ्या हातावरून वाहायला लागलं तरी मी नळ बंद केला नाही, तेव्हा सलोनी म्हणाली, "काकू, ठीक आहात ना?" मी म्हटलं, "हो गं, थंड पाणी यायची वाट बघतेय." सप्टेंबरच्या सुरुवातीला, ख्राइस्टचर्चमध्ये, इथली थंडी अजून सरलेली नसताना. इथे नळाला थंड सोडून दुसरं काही येतच नाही. तिने मान डोलावली. रोज खोटं बोलणाऱ्या पेशंटांची तिला सवय आहे.

मी हे असं कुणाला विचारायला लागेन याचं मूळ एका पाटीत आहे. तीन आठवड्यांपूर्वी मी नॉर्वेहून परत आले. माझा मुलगा यतीन तिथे राहतो, दक्षिण किनाऱ्यावरच्या रिसोर नावाच्या गावात, जुन्या लाकडी होड्या दुरुस्त करतो. मी बारा दिवस राहिले. फार्मसीतल्या मुली विचारतात, कसं होतं, आणि मी म्हणते, "लव्हली". दुसरं काय म्हणणार? खरंच लव्हली आहे ते. ऑस्लोहून बसने निघायचं, मध्ये बस बदलायची, आणि मग रस्ता संपतो तिथे गाव. धक्क्याला लागून पांढऱ्या लाकडी घरांच्या रांगा, इतक्या पांढऱ्या की मला आधी वाटलं, इथे कुणी आजारी असणार. पुढून पांढरी असलेली काही घरं मागून लाल होती. यतीन म्हणाला, समुद्राकडून येणाऱ्यांना दिसतं ते पांढरं, बाकीचं कसंही. मी म्हटलं, म्हणजे आपल्यासारखंच. तो हसला, आणि विमानतळापासून तिथपर्यंतच्या प्रवासातलं ते त्याचं पहिलं हसू होतं.

गाव दीडशे वर्षांपूर्वी एका आगीत जवळजवळ सगळं जळालं होतं. चर्च आणि थोडीफार घरं वाचली. लोकांनी काय केलं, तर परत लाकडातच बांधलं. मला हे फार आवडलं आणि फार रागही आला. आमच्या इथे भूकंपाला साडेसहा वर्षं झाली तरी मधल्या शहरात अजून कुंपणं आणि मोकळे प्लॉट, काय बांधायचं यावर सभा. आणि ही माणसं, लाकडाने दगा दिला तर पुन्हा लाकूड आणतात. पण मी पाटीबद्दल सांगत होते. यतीन आणि त्याची जोडीदार मारित राहतात ते घर मारितच्या आजोबांचं. आजोबा तांडेलासारखे, बाहेरच्या जहाजांना खडकांमधून वाट काढून बंदरात आणणारे. दाराच्या आत, कोट टांगायच्या खुंट्यांशेजारी, त्यांच्या वेळची एक दगडी पाटी लावलेली आहे. तीन रकाने. कोण, कुठे, परत कधी. घरातलं जो कोणी बाहेर पडेल त्याने लिहायचं, आणि परत आला की स्वतःच्या हाताने आपली ओळ पुसायची. दुसऱ्याने पुसायची नाही. शेजारच्या दुकानातून दूध आणायला जाताना मारित लिहायची: मारित, दूध, दहा मिनिटं. मला आधी हसू आलं. मग तिसऱ्या दिवशी मी बघितलं, यतीन तिथे लिहीत होता, खडू तोंडाजवळ धरून विचार करत होता परत कधी ते, अगदी लहानपणी शुद्धलेखन करायचा तसा, आणि मला हसू येईना. मारितने मला सांगितलं, तिच्या सरळ, हातोडीसारख्या इंग्रजीत, "या घरात आम्ही काळजी करत नाही. आम्ही वाचतो."

सलोनीने ग्लास उचलला. ती तोंड लावून पिते. मोरेश्वर वरून प्यायचे. मान मागे, डोळे मिटलेले, पाण्याची अखंड धार, आणि गळ्याची ती हाडकुळी गाठ वरखाली होत राहायची. ग्लास संपेपर्यंत जगातल्या कुठल्याही गोष्टीसाठी ते थांबायचे नाहीत. मोरेश्वर म्हणजे माझे यजमान. नव्याण्णव साली चिंचवडमधली फिटरची नोकरी सोडून आम्हाला इथे घेऊन आले, यतीन सात वर्षांचा होता. इथे हॉर्नबीतच एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागले. मी दहावी. पुढचं जे काही आलं ते लायब्ररीतून, कपाट ए पासून सुरुवात करून. एम पर्यंत पोचले तेव्हा फार्मसीत मागच्या बाजूला नोकरी लागली. म्हाताऱ्यांच्या आठवड्याच्या गोळ्या प्लास्टिकच्या कप्प्यांत भरते. सोमवार सकाळ, सोमवार दुपार, सोमवार रात्र. दिवसाला एक रांग. मंगळवार दुपारच्या कप्प्याशी माझा हात अजूनही जरा अडतो. चूक मात्र आजवर एकही नाही.

नाट, कुठे, पाणी, हे सगळं माझ्यापेक्षा मोरेश्वर जास्त मानायचे. माझं निदान न विचारण्यापुरतं होतं. त्यांना कुणी विचारलं तर ते उतारा केल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत. आमचा शेजारी कॉलिन, निवृत्त मेकॅनिक, कुंपणाशी नळी घेऊन उभा असायचा आणि रोज सकाळी सहाला, मनापासून, "व्हेअर यू ऑफ टू, मेट?" कामावर, अजून कुठे? पण मोरेश्वर त्याला "किया ओरा, कॉलिन" म्हणायचे, मागे फिरायचे, बूट काढायचे, खुर्चीवर बसायचे, आणि मी अर्धवट झोपेत पाण्याचा ग्लास पुढे करायची. पाच मिनिटं म्हणायचे आणि सात बसायचे. वर्कशॉपमध्ये उशिराबद्दल बोलणी बसली तेव्हा ते मागच्या दाराने, कचऱ्याच्या डब्यांमधून वाकून जायला लागले. कॉलिनने मला विचारलं, मी काही चुकीचं बोललो का? मी म्हटलं, नाही नाही, त्यांची पाठ दुखते. पाठ दुखणारा माणूस वाकून का चालेल, हे कॉलिनने विचारलं नाही. चांगला शेजारी होता.

दोन हजार अकराच्या फेब्रुवारीची बावीस तारीख, मंगळवार. त्यांची शिफ्ट बदलली होती म्हणून घरी होते. यतीनची युनिव्हर्सिटी आदल्याच दिवशी सुरू झालेली, त्याचं लेक्चर दुपारी, तो ह्याच टेबलाशी पोहे खात होता. साडेबारा वाजत आलेले. मोरेश्वर आतून निळा शर्ट घालून आले. निळा शर्ट म्हणजे बाहेरचा, कामाचा नव्हे. गाडीची किल्ली घेतली. काहीतरी गुणगुणत होते. यतीनने तोंडात घास असतानाच मान वर केली आणि म्हणाला, "बाबा, कु..."

मी "श्श" केलं. नुसतं तोंडाने नाही, ओठांवर बोट ठेवून, डोळे मोठे करून, जसं लहान मुलाला देवळात करतात. एकोणीस वर्षांच्या घोड्याला. त्याने खांदे उडवले आणि परत पोह्यांत बघायला लागला. मोरेश्वरांनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि हसले. ते हसू मी गेली साडेसहा वर्षं अनेक प्रकारे वाचलं आहे. त्या वेळी ते शाबासकीसारखं वाटलं होतं. "येतो," म्हणाले, आणि गेले. दार लागलं. कॉलिन त्या दिवशी कुंपणाशी नव्हता, गुडघ्याच्या तपासणीला गेला होता.

बारा एक्कावन्नला जमीन हलली. आमच्या घरात कपाटं पडली, डाळी आणि काचा एकत्र झाल्या, यतीनने मला टेबलाखाली ओढलं. मोरेश्वर मधल्या शहरात एका फुटपाथवर होते, जुन्या विटांच्या इमारतीपुढे, आणि तिचा दर्शनी भाग खाली आला. पण हे चार दिवसांनी कळलं. त्याआधीचे चार दिवस मी रांगांमध्ये, फोनवर, तंबूंमध्ये एकाच प्रश्नाला उत्तर देत होते. फार दयाळू आवाजात विचारायचे ते. व्हेअर वॉज ही गोइंग, डिअर? कुठे. एकजण विचारून झाला की दुसरा. कुठे, कुठे, कुठे. आणि मी मान हलवायची. त्या बायका-पुरुषांच्या चेहऱ्यावर मला एक गोष्ट स्पष्ट दिसायची: नवरा-बायकोचं पटत नसणार. मी कुणाकुणाला म्हणून सांगणार होते की आमचं फार पटत होतं, म्हणूनच विचारलं नाही.

ते तिथे का गेले ते आजपर्यंत मला माहीत नाही. ज्या दुकानापुढे सापडले ते आदल्या सप्टेंबरमधल्या पहिल्या भूकंपापासून बंदच होतं. एका बाजूला घड्याळं दुरुस्त करणारा, दुसऱ्या बाजूला मीट-पाय, म्हणजे आत खिमा भरून भाजलेल्या त्या वाट्या, विकणारी बेकरी. मी तीन मोरेश्वर बनवून ठेवले आहेत. पहिला घड्याळाचा पट्टा बदलायला निघालेला. दुसरा बेकरीत जाऊन, जन्मभर माझ्यादेखत अंडंसुद्धा न खाता, चोरून खिम्याचा मीट-पाय खाणारा. तिसरा कुणाला तरी भेटायला निघालेला, निळा शर्ट घालून, गुणगुणत. कधीकधी मला तिसराच बरा वाटतो. निदान त्याची कुणीतरी वाट बघत होतं.

पण कुठे गेले, हा खरा प्रश्न नव्हेच. इतकी वर्षं मी कुठे हा शब्द चघळत बसले, कारण त्याच्यामागे जे होतं ते बघायचं नव्हतं. ते साधं होतं. हिशोब शाळकरी पोरालाही यावा. यतीनने विचारलं असतं, तर मोरेश्वर परत आत आले असते. बूट काढले असते. ह्या खुर्चीवर, जिथे आता सलोनी बसली आहे तिथेच, बसले असते. पाणी मागितलं असतं, वरून प्याले असते, पाच म्हणून सात मिनिटं काढली असती, मला चिडवलं असतं, की तुझ्या लेकाने आज माझी वाट लावली. आणि बारा एक्कावन्नला ते कुठल्यातरी सिग्नलला, गाडीत, पत्र्याच्या आत शिव्या देत असते. मी माणूस वाचवायला रीत पाळली, आणि त्याच रीतीत जो उतारा होता तो होऊ दिला नाही. हे मला दहाव्या दिवशी कळलं, गावाकडच्यासारखं घाटावर पिंडापाशी नाही, इथल्या किचनमध्ये ग्लास विसळताना. मी ग्लास टाकून वर बघितलं तर यतीन दारात उभा होता आणि माझ्या हाताकडे बघत होता. त्यालाही ते तेव्हाच कळलं, का आधीच कळलेलं होतं आणि तो माझी वाट बघत होता, ते मला माहीत नाही. तो वळून आपल्या खोलीत गेला. वर्षाअखेर त्याने इंजिनिअरिंग सोडलं. मग वेलिंग्टन, मग डेन्मार्क, मग रिसोर. निघताना प्रत्येक वेळी मी त्याला "लांब का?" एवढंसुद्धा विचारलं नाही. आता विचारायचं तरी कुठल्या तोंडाने?

"काकू, तुमचा लसूण सोलून ठेवू का?" सलोनी म्हणाली. तिची नखं रंगवलेली होती. मी म्हटलं, हात घाण करू नकोस, जायचंय ना तुला. "अजून दोन मिनिटं आहेत," ती घड्याळ बघून म्हणाली, अगदी इंजेक्शनची वेळ बघावी तशी.

रिसोरला मी गेले ते हे बोलायला. तिकीट काढताना, ऑकलंडला, सिंगापूरला, प्रत्येक विमानात मी वाक्य तयार करत होते. यतीन, त्या दिवशी तू विचारत होतास. इतकंच. पुढचं आपोआप येईल. पण तिथे पोचल्यावर बोलायला जागाच नव्हती, सगळं इतकं उजेडात. रात्री दहालासुद्धा आकाश फिकट, पडदे पातळ, आणि मारित घरभर तिच्या त्या प्रामाणिक डोळ्यांनी वावरणारी. मी पुरणपोळ्या केल्या. धक्क्यावर कोळंबी सोलून खाणारी माणसं बघितली. चर्चमधली जुनी लाकडी कोरीव कामं बघितली. यतीनच्या शेडमध्ये एका उलट्या होडीखाली बसून त्याला फळ्यांच्या फटींत दोरा आणि डांबर ठासताना बघितलं. त्याचे हात थेट मोरेश्वरांचे. बोलणं मात्र हवामानाचं, पोळ्यांचं, माझ्या गुडघ्याचं.

सहाव्या दिवशी मी एकटीच बाहेर पडले. गावामागच्या टेकडीवर खडकाला चुना मारून केलेला एक प्रचंड पांढरा ठिपका आहे. ठिपका कसला, भिंतच. शेकडो वर्षं तो असाच पांढरा ठेवतात. समुद्रातून येणाऱ्या जहाजाला लांबून दिसावा, म्हणजे कळतं गाव कुठे ते. मला तो जवळून बघायचा होता. दारात पाटी होती, खडू होता. मी क्षणभर थांबले आणि लिहिलं नाही. मला वाटलं, ती घरच्यांसाठी असते. वर गेले, त्या पांढऱ्याला पाठ लावून बसले. दगड उन्हाने कोमट झालेला. खाली गाव, बेटं, शिडं. मी विचार करत होते, की हा ठिपका म्हणजे गावाने मोठ्याने, रंग लावून, विचारलेला प्रश्नच आहे. कुठे आहेस? कुठे आहेस? आणि कुणाला नाट लागलेली दिसत नाही. किती वेळ गेला कळलं नाही, बहुतेक डोळाही लागला.

यतीन धावत आला. कपाळावर घाम, केसांत भुसा, एका पायातली बुटाची नाडी सुटलेली. "आई! काय हे! दोन तास! दोन तास मी धक्क्यावर, चर्चमध्ये, आय आस्क्ड एव्हरीवन, अगदी त्या मासेवाल्यालासुद्धा!" मी म्हटलं, अरे मी इथेच तर होते. "इथेच म्हणजे कुठे? मला कसं कळणार? पाटीवर का नाही लिहिलंस?" मला वाटलं, ती घरातल्यांसाठी आहे, मी म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला. "मग तू कोण आहेस?" त्याचा आवाज चिरकला, एकोणीस वर्षांच्या मुलासारखा. मग तो माझ्याशेजारी खाली बसला, श्वास खाली बसेपर्यंत थांबला, आणि समुद्राकडे बघत, हळू, मराठीत म्हणाला, "आई, त्या दिवशी मी बाबांना..."

"श्श," मी म्हटलं.

बोटसुद्धा ओठांवर गेलं होतं. मी ते पाहिलं, माझंच बोट, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. यतीननेही पाहिलं. तीन विमानं आणि दोन बसा बदलून, जे ऐकायला मी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेले होते, ते दाराशी आल्याबरोबर मी हाकलून दिलं. तो उठला. "चल, वारा सुटलाय," म्हणाला. वारा अजिबात नव्हता. उतरताना अवघड जागी तो थांबायचा, हात पुढे करायचा, मी पकडला की पुढे बघायचा. उरलेले सहा दिवस आम्ही एकमेकांशी हॉटेलातल्या माणसांसारखे गोड वागलो. निघायच्या सकाळी तो पाटीपाशी उभा राहिला आणि त्याने लिहिलं, देवनागरीत, मीच शिकवलेल्या त्या वेड्यावाकड्या अक्षरांत: आई, ख्राइस्टचर्च. तिसरा रकाना मोकळा सोडला. खडू खाली ठेवला, मग परत उचलला, मग ठेवला.

"झाली पाच मिनिटं," सलोनी म्हणाली, आणि उठली नाही. ग्लासाच्या तळाशी राहिलेलं पाणी ती गोल फिरवत होती. "काकू, आता विचारलंच आहे तर सांगू का कुठे ते?"

माझं बोट लसणीवर होतं. मी ते तिथेच ठेवलं. "सांग."

"टेविताकडे. तो आमचा फिजिओ. सामोअन आहे. त्याच्या आईने जेवायला बोलावलंय. म्हणजे, मीट द पेरेंट्स टाइप." एका दमात बोलून ती माझ्याकडे, वॉर्डात रिपोर्ट वाचून दाखवल्यावर बघत असेल तशी, बघायला लागली. "सात महिने झाले. मला किती वेळा वाटलं तुम्हाला सांगावं. पण मी एवढी नटून निघायचे, तुम्ही एकदा पण विचारायचा नाहीत. मान खाली घालून भाजी चिरत बसायचा. मला वाटायचं, काकूंना कळलंय आणि आवडलेलं नाहीये."

"अगं, नाट लागू नये म्हणून..."

"ते मला आज कळलं ना!" ती हसली, आणि डोळ्याच्या कडेला बोट लावून तिने काजळ सांभाळलं. "माझ्या घरी आई म्हणते कुठे विचारू नये, पण म्हणते तरी. तुम्ही काहीच म्हणत नाही. समोरच्याला कसं कळणार, की हे गप्प राहणं प्रेमाचं आहे?"

मी तिला म्हटलं, थांब, रिकाम्या हाताने जाऊ नकोस, आणि डब्यातल्या करंज्या बांधून दिल्या. टेविताच्या आईला काय आवडतं विचारलं. "सगळं," सलोनी म्हणाली, "स्वीट ॲझ, टेन्शन नका घेऊ." दोन्ही पाय बुटांत गेले, दार उघडलं, पावसाचा वास आत आला. "येते काकू." मी दारात उभी राहिले. "परत कधी?" मी विचारलं. तिने वळून भुवया उंचावल्या, हसली, आणि ओरडली, "साडेनऊ!" गाडीचे दिवे कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी वळले.

घर रिकामं झाल्यावर मी ग्लास उचलला. तळाशी तिने ठेवलेलं बोटभर पाणी. समोरच्याला कसं कळणार? एकोणीस वर्षांच्या मुलाला, पोह्यांच्या बशीवर वाकलेल्या, आईचं मोठे डोळे करून ठेवलेलं बोट कसं कळलं असेल? आणि पांढऱ्या दगडाशी? त्याला वाटलं असेल, की आईला ते माझ्या तोंडून नको आहे, कारण ती मलाच दोषी धरून आहे, की मी गप्प का बसलो, एका श्श ला घाबरून. हे मला आजवर सुचलं नव्हतं. मी इतकी वर्षं स्वतःला दोषी धरून होते, की तोही स्वतःला तसंच धरून असेल असं मनातच आलं नाही. सहाला दहा कमी. तिथे सकाळचे आठ वाजत आले असतील. शनिवारी तो होडी घेऊन बाहेर पडतो, हे मला माहीत होतं, पाटीवर वाचलं होतं.

तिसऱ्या रिंगला त्याने उचलला. "आई? सगळं ठीक ना? मी जस्ट निघतच होतो." मागे मारितचा आवाज, खुंटीवरून कोट काढल्याची सरसर, दाराची कडी. मला ते दार दिसत होतं, आणि पाटीवरचा हात. "तुझी ओळ अजून आहे हां," तो म्हणाला. "मारित पुसू देत नाहीये. ती म्हणते, ज्याची त्याने पुसायची."

मी उजवा हात मांडीखाली घालून त्याच्यावर बसले. फोन डाव्या हातात होता.

"यतीन, कुठे निघालास?"

पलीकडे मला समुद्रपक्षी ऐकू आले, म्हणजे दार उघडं होतं. मग दार लागलं. मग एक बूट पडल्याचा आवाज, मग दुसरा. खुर्ची लाकडी जमिनीवर ओढली गेली. मारितने काहीतरी विचारलं, त्याने तिच्या भाषेत दोन शब्दांत उत्तर दिलं. नळ सुटला, ग्लास भरला, नळ बंद झाला. आणि मग मी ऐकलं, हजारो मैलांवरून, तो पाणी पीत होता, ओठ न लावता, वरून, अखंड, घशात होणारा तो आवाज मी कुठेही ओळखला असता. ग्लास टेबलावर ठेवला गेला.

"बसलोय, आई," तो म्हणाला.

"त्या दिवशी तू विचारत होतास," मी म्हटलं. आवाज माझा होता. "मी विचारू दिलं नाही. तू नाही गप्प बसलास, मी बसवलं. ते परत आले असते. ह्याच खुर्चीवर बसले असते."

मी थांबले. त्याने फोन टेबलावर ठेवल्याचं कळलं, आणि पावलं, अनवाणी, चार-पाच. पलीकडे नळ पुन्हा सुटला. तो त्यांच्यासाठी दुसरा ग्लास भरत होता.